पहिल्या वळणासाठीचा कॉम्प्युटर

सई,

दुकानदाराने दिलेलं कोटेशन तू पाठवलंस, ते नीट वाचलं. माणूस फसवणारा वाटत नाही. गेमिंगसाठी आलेल्या कुणालाही देईल तशीच जोडणी त्याने तुला दिली आहे. पण तुला हव्या असलेल्या खेळांचं गणित वेगळं आहे. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने आणि पुढे जमलं तर आयरेसिंग, स्टिअरिंग लावून, खऱ्या माणसांविरुद्ध खेळायचं म्हणतेस. त्यासाठी ही यादी जशीच्या तशी घेऊ नकोस. आगाऊ रक्कम देण्याआधी माझं ऐकून घे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर: हा कॉम्प्युटर पहिल्या वळणासाठी घ्यायचा आहे. मोंझाच्या ट्रॅकवर ऊन पडलंय, समोर रस्ता मोकळा आहे आणि तू एकटी फेऱ्या मारते आहेस, तेव्हा कुठलंही बऱ्यापैकी यंत्र छान पळतं. दुकानात दाखवतात तेही हेच, आणि कार्डाच्या जाहिरातीत छापतात तो सरासरी आकडाही असाच निघतो. घोडं पेंड खातं ते शर्यत सुटल्यावर. तीस गाड्या एकमेकींना चिकटून पहिल्या शिकेनकडे निघतात, पाऊस असेल तर पुढच्यांच्या चाकांमागून पाण्याचा पडदा उठतो, आरशात मागच्या आठ-दहा गाड्या दिसत असतात, आणि नेमकं ब्रेक दाबायच्या जागी चित्र अडखळतं. हिशेब करून बघ. ताशी २१६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६० मीटर. सेकंदाला ६० चित्रं दिसत असतील तर दोन चित्रांमध्ये गाडी एक मीटर पुढे गेलेली असते, १२० दिसत असतील तर अर्धा मीटर. आणि चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं जरी थांबलं, तरी तू सहा मीटर आंधळी चाललीस. गाडीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास असते. म्हणजे पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरपासून तिच्या नाकाच्याही पुढे. अशा वेळी हात कितीही तयार असले तरी ते काही करू शकत नाहीत.

म्हणून सरासरी विचारू नकोस, सगळ्यात वाईट क्षणी सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात ते विचार. चाचण्या करणारी मंडळी त्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. सरासरी ११० आणि खालचा आकडा ९० असलेलं यंत्र मी डोळे मिटून घेईन. सरासरी १६० आणि खालचा ५० असलेलं कुणी फुकट दिलं तरी शर्यतीला लावणार नाही. १९९८ साली आलेल्या ग्रां प्री लेजंड्समध्ये फ्रेमचा दर ३६ वर बांधलेला होता. आज तो आकडा कुणाला सांगवणार नाही, पण ते ३६ एकसारखे मिळाले की गाडी हाताला समजायची. तू सुद्धा खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन दर बांधून टाक. यंत्र ९० ते १४० च्या मध्ये हेलकावे खात असेल तर ९० वर बांध. डोळ्याला आणि पायाला जे सवयीचं होतं त्यावरच ब्रेकची जागा ठरते.

आता प्रोसेसर. इथेच त्या कोटेशनची गाडी रुळावरून घसरलीय. त्याने जास्त कोरचा प्रोसेसर लिहिलाय, कारण गिऱ्हाइकाला कोर मोजायला सोपे पडतात. व्हिडिओ एडिटिंगला ते कोर उपयोगी पडतील. रेसिंग सिम्युलेटरमध्ये मात्र टायर, सस्पेन्शन, हवेचा दाब यांचं गणित सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा सोडवलं जातं. मूळ असेटो कोर्सामध्ये ३३३ वेळा, आयरेसिंगमध्ये ३६० वेळा. हे गणित बरंचसं एका पाठोपाठ एक असंच सोडवावं लागतं, दहा जणांत वाटून देता येत नाही. संगणकाने चालवलेल्या गाड्यांविरुद्ध खेळलीस तर त्या गाड्यांचं गणितही तुझ्याच यंत्राच्या डोक्यावर. शिवाय ग्राफिक्स कार्डाला ‘हे काढ, ते काढ’ अशी फर्मानं सोडायची तीही प्रोसेसरनेच, आणि गाड्या वाढल्या की फर्मानं वाढतात. त्यामुळे मोजके पण चपळ कोर हवेत, आणि त्यांच्या जवळ भरपूर कॅश मेमरी हवी. एएमडीच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एक्सथ्रीडी असतं त्यांची ताकद त्या कॅशमध्येच आहे. २०२२ साली ५८०० एक्सथ्रीडी आला, २०२३ ला ७८०० एक्सथ्रीडी, २०२४ च्या शेवटी ९८०० एक्सथ्रीडी. तिघांतही आठ कोर आणि ९६ एमबीची एल-थ्री कॅश. लागणारा मसाला ओट्यावर हाताशी असणं आणि दर वेळी माळ्यावरून बरणी काढणं यात जो फरक, तोच इथे. कॉम्पिटिझिओनेसारख्या खेळात भरगच्च ग्रिडवर हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि तो नेमका त्या खालच्या आकड्यात दिसतो.

तुझ्या दोन लाखांत एक्सथ्रीडी ओढूनताणून बसेल, पण मग दुसरीकडे कात्री लागेल. म्हणून माझा सल्ला असा: एएम-फाइव्ह सॉकेटचा चांगला मदरबोर्ड घे आणि त्यावर आज सहा कोरचा साधा रायझन लाव, ७६०० किंवा ९६०० एक्स. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवू असं जाहीर केलंय. आधीच्या एएम-फोरचं उदाहरण डोळ्यासमोर आहे: २०१६-१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून लोकांनी ५८०० एक्सथ्रीडी बसवला. दोन-तीन वर्षांनी हात मोकळा झाला की तूही फक्त प्रोसेसर बदल, बाकी सगळं तसंच राहील.

ग्राफिक्स कार्डाकडे वळण्याआधी पडदा ठरव. लोक हे उलट करतात. महागडं कार्ड घेतात आणि उरलेल्या पैशांत ६० हर्ट्झचा मॉनिटर, मग ते कार्ड तिथे बसून काय करणार? पडद्यावर ठिपके किती, यावर कार्डाचं काम ठरतं. फुल एचडी म्हणजे २०.७ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे ८२.९ लाख. तीन फुल एचडी पडदे शेजारी शेजारी लावलेस तर ६२.२ लाख, म्हणजे फोर-केपेक्षा हलके. तीन १४४० पी पडदे मात्र १ कोटी १० लाखांवर जातात; त्या वाटेला आत्ता जाऊ नकोस.

तुझ्या खोलीत तीन पडद्यांना जागा नाही हे मला माहीत आहे. २७ इंची, १४४० पी, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त, फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालणारा एक मॉनिटर घे आणि तो स्टिअरिंगच्या अगदी मागे, जवळ ओढून बसव. जवळ हा शब्द महत्त्वाचा. २७ इंची पडद्याची रुंदी जवळपास ६० सेंटीमीटर असते. तो डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर सुमारे ५३ अंशांचं दृश्य त्यात खऱ्या मापात मावतं. तोच भिंतीला टेकवून सव्वा मीटरवर ठेवलास तर २७ अंशच उरतात. खेळात ‘फील्ड ऑफ व्ह्यू’चा जो आकडा भरायचा असतो तो या मापातूनच काढायचा, मनाला येईल तो भरायचा नाही. काही खेळ हा कोन आडवा मागतात, काही उभा, तेवढं पाहून घे. सुरुवातीला वाटेल की दुर्बिणीतून बघतोय, शेजारची गाडीच दिसत नाही. आठवडाभर कळ काढ. वळणाची खरी रुंदी दिसायला लागली की ब्रेक कुठे दाबायचा हे अंदाजाने नाही, नजरेने ठरतं. बाजूच्या गाड्यांसाठी खेळातला रडार चालू ठेव.

एवढ्या पडद्यासाठी मधल्या फळीतलं कार्ड पुरतं. फक्त त्याची मेमरी ८ जीबी नसावी. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, खोक्यावरचं नाव तेच असतं आणि कोटेशनमध्ये आकडा लिहिलेला नसतो. तुझ्याही नाहीये. १६ जीबी लिहून घे. निरनिराळ्या गाड्यांचे रंगरूप, जाहिराती, पावसाळी ट्रॅक हे सगळं त्या मेमरीत मावावं लागतं. ती भरली की झटके बसतात, आणि ते झटके प्रोसेसरचे समजून माणूस भलतीकडेच पैसे घालतो. सेटिंगमध्ये आधी आरसे, सावल्या, प्रेक्षक आणि गवत कमी कर. आरसा म्हणजे मागचा देखावा पुन्हा एकदा काढणं, तो सर्वांत जास्त खातो. टायरखालचा रस्ता आणि गाडीचा डॅशबोर्ड मात्र स्वच्छ ठेव, त्यावर तुझी नजर असणार आहे.

व्हीआर हेडसेटचं तू विचारलं होतंस. वळणाच्या आत डोकं वळवून बघता येतं, चढ-उतार पोटात जाणवतात, आणि ते एकदा अनुभवलं की पडदा नकोसा होतो. पण ९० हर्ट्झवर प्रत्येक चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात, चित्रं दोन्ही डोळ्यांसाठी काढायची, आणि एक चुकलं तरी डोकं गरगरतं. आधी कुणाच्या तरी हेडसेटवर अर्धा तास चालवून बघ. मळमळलं नाही तर कार्ड बदलशील तेव्हा त्याचा विचार कर.

रॅम ३२ जीबी, पण १६-१६ च्या दोन पट्ट्या. कोटेशनमध्ये १६ ची एकच पट्टी आहे. एकीवर वाहिनी निम्मी होते आणि त्याचा मार खालच्या आकड्यावरच पडतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. फारच जड वाटलं तर आज ८-८ च्या दोन घे, एक नको. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी भरायची, आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू आहे ना ते डोळ्यांनी बघायचं. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० च्या आसपास रांगत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. डिस्क १ टीबीची एनव्हीएमई, फार नामांकित नसली तरी चालेल.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते. कोटेशनमधल्या एसएमपीएसपुढे कंपनीचं नावच नाही, ‘६०० वॉट’ एवढंच. हे मी चालू देणार नाही. ६५० किंवा ७५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड लिहिलेला, पाच वर्षं वॉरंटीचा, नाव असलेला एसएमपीएस घे. बाकीचे सगळे महाग भाग त्याच्या जिवावर चालतात. त्या रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटचे पैसे इकडे वळव. कॅबिनेट पुढून जाळीचा, दोन मोठ्या पंख्यांचा, धूळ अडवणारी गाळणी काढून धुता येईल असा हवा. एप्रिल-मेमध्ये तुझी खोली ३८ अंशांवर जाते, तिथे काचेमागे कोंडलेलं कार्ड गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतं.

यूपीएसचंही तसंच. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉट देतो. शर्यतीत तुझं यंत्र आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओढतील, आणि लाइट गेली की यूपीएसही टुक करून बंद. १००० ते ११०० व्हीएचा घे. इन्व्हर्टर घरात असेल तर त्याच्या मागची खिटी ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघ. दुसऱ्या मोडवर अदलाबदलीला लागणाऱ्या वेळात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. आणि सर्वांत आधी अर्थिंग. वायरमनला बोलावून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घे, तीन पिनांच्या प्लगची एक पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात काहीही लावायचं नाही. स्टिअरिंगच्या लोखंडी स्टँडला हात लागल्यावर मुंग्या आल्या तर खेळ थांबवून आधी ते बघ. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत स्टिअरिंगचं यूएसबी कनेक्शन ऐन शर्यतीत सुटतं, आणि लोक स्टिअरिंगलाच दोष देत बसतात. कनेक्शन सुटण्याचं आणखी एक कारण विंडोजमध्येच असतं. पॉवर ऑप्शनमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सोय वीज वाचवायला पोर्ट झोपवते. ती बंद कर. स्टिअरिंग आणि पेडल मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लाव, स्वस्तातल्या हबमध्ये नको.

पैशांची वाटणी मी अशी करीन: दोन लाखांचा तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढायचा, मॉनिटर, स्टिअरिंग आणि पेडलसाठी. त्याला कॉम्प्युटरने हात लावायचा नाही. स्टिअरिंग सुरुवातीला लॉजिटेकचं जी-२९ असलं तरी पुष्कळ झालं. दातेरी चाकांवर चालतं, आवाज करतं, ओढ सुमारे २ न्यूटन-मीटरची, पण दणकट आहे आणि विकायला गेलीस तर गिऱ्हाईक मिळतं. ५ न्यूटन-मीटरच्या आसपासची डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंगं आता आवाक्यात येऊ लागली आहेत, त्यांच्यात मागचं चाक सुटायला लागलं की आधी हाताला कळतं. तरीही तसलं स्टिअरिंग आणि चांगला ब्रेक यांतलं एकच जमत असेल तर ब्रेक घे. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोडसेलचं पेडल किती जोर लावला ते मोजतं. खऱ्या शर्यतीच्या गाडीतही ब्रेक जोरावरच चालतो, आणि पायाच्या स्नायूंना अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो. प्रत्येक फेरीला एकाच जागी, एकाच दाबाने ब्रेक लागणं, यातच फेरीचा वेळ आहे. ते पेडल मागे सरकू नये म्हणून भिंतीला टेकवून फळी ठोकून घे, आणि चाकांची ऑफिसची खुर्ची वापरणार असशील तर चाकं काढून टाक.

लॅपटॉपचा विचार तुझे बाबा पुढे करतील, त्यांना सांग की लॅपटॉपमधलं कार्ड नावाने तेच असलं तरी आतून वेगळं असतं. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० हे १२ जीबीचं, लॅपटॉपमधलं ८ जीबीचं, आणि त्याला वीजही कमी मिळते. जुनं घेणार असशील तर कार्ड घे, पण समोर अर्धा तास खेळ चालवून, पंखे ऐकून आणि मूळ बिल पाहून. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले आय-सेव्हन, आय-नाइन जुने घेऊ नकोस. २०२४ मध्ये त्यांच्यात जास्त व्होल्टेजने अस्थिर होण्याचा दोष निघाला, इंटेलने दुरुस्तीचं अपडेट दिलं आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, पण आधी झालेली झीज अपडेटने भरून येत नाही आणि ती तुला बाहेरून दिसणार नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेलीस तर सकाळी उशिरा, आठवड्याच्या मधल्या वारी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. तीन ठिकाणी एकच लिखित यादी दाखव, मॉडेल नंबरसकट. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा, ‘ट्रे’मधला स्वस्त पडतो पण वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर राहते. पक्कं जीएसटी बिल, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर, आणि कार्डाची वॉरंटी भारतातल्या सेवा केंद्राची आहे ना हे विचारून. बिलाशिवाय दोन-चार हजार कमी करतो म्हणाला तर हसून नको म्हण.

घरी आणल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लाव, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टात नको, आणि विंडोजमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवड. आपोआप ते ६० वरच असतं. मग स्पाच्या ट्रॅकवर तीस गाड्या, पाऊस, संध्याकाळची वेळ, आणि तू शेवटून दुसरी अशी शर्यत लाव. एमएसआय आफ्टरबर्नरने फ्रेमचा आलेख कोपऱ्यात दिसू दे. झटका बसला आणि त्या वेळी कार्डाचा वापर ९८-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय, सेटिंग उतरव. वापर ६०-७० टक्के असताना झटका बसला तर प्रोसेसर किंवा रॅम. खात्री करायची तर रिझोल्यूशन एकदम खाली आण: फ्रेम वाढल्या तर दोष कार्डाकडे, तसूभरही हलल्या नाहीत तर प्रोसेसरकडे. हे पहिल्या आठवड्यातच कर, भाग बदलून मिळायची मुदत बहुतेक दुकानांत तेवढीच असते, आणि तोवर एकही खोकं रद्दीत देऊ नकोस. आलेखाचा फोटो मला पाठव, रात्री दहानंतर फोन केलास तरी चालेल.

तुझा मामा